रिकाम्या चपटीचे दहा रुपये

घाटरस्त्याचे वळण, गडाचा पायथा, धरणाचा बांध, शाळेमागची पडीक जागा अशा ठिकाणी साठलेला दारूच्या बाटल्यांचा ढीग नीट पाहिला, तर त्यात बिअरची मोठी बाटली क्वचित दिसते. ती तिथे टाकली जाते, पण पडून राहत नाही. भंगारवाला तिचे पैसे देतो आणि ती धुऊन पुन्हा भरली जाते, म्हणून कोणी ना कोणी ती उचलून नेतोच. मागे उरतात १८० मिलीच्या चपट्या आणि त्यांच्याहून लहान ९० मिलीच्या बाटल्या, ज्यांना कोणी निप म्हणते, कोणी नाइंटी. पिणारे तेच, जागा तीच, उठून जातानाची बेफिकिरीही तीच. फरक आहे तो रिकाम्या बाटलीला किंमत असण्या-नसण्याचा. या लेखाचे सारे म्हणणे या निरीक्षणावर उभे आहे. छोटी बाटली विकतानाच तिच्यावर अनामत घ्यावी, आणि रिकामी बाटली जो कोणी आणून देईल त्याच्या हातात ती रक्कम ठेवावी. असे केले तर चपटीही रानात पडून राहणार नाही.

या मागणीला होणारा सर्वांत सोपा विरोध म्हणजे ‘लोकांना शिस्त नाही, दंड करा’. तो थोडक्यात बाजूला ठेवता येतो. सार्वजनिक जागी दारू पिणे आजही गुन्हा आहे. गोव्याने २०१९ मध्ये पर्यटनस्थळी उघड्यावर पिणाऱ्या एकट्याला २,००० रुपये आणि टोळक्याला १०,००० रुपये दंडाची तरतूद केली. किनाऱ्यावर पोलीस उभा असेल तिथे अशा दंडाचा उपयोग होतो. शेताच्या बांधावर अंधारात भिरकावलेल्या बाटलीला मात्र साक्षीदार नसतो. खरा विरोध दुसरीकडून येतो आणि तो मनापासून ऐकावा असा आहे. दारूने ज्यांच्या घरांची राखरांगोळी केली त्या बायकांचा तो विरोध आहे. म्हणून इथे दोन माणसे समोरासमोर बसवली आहेत : महिला बचत गटाच्या ताई आणि गावचे सरपंच. दोघेही कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे मात्र गावोगावचे आहेत. दोघांनाही गाव बाटलीमुक्त हवे आहे आणि तरीही त्यांचे पटत नाही.

ताई : सरपंच, तुम्ही कचऱ्याचं बोलता, मी दारूचं बोलते. आवणीच्या दिवसांत चिखलात उतरणाऱ्या बाईच्या पायात काच कुठून येते? बैलाच्या खुरात काच कुठून जाते? बाटली फुटली म्हणून नाही, बाटली गावात आली म्हणून. घरात पैसा येतो तो आधी दुकानाच्या खिडकीवर जातो आणि मग रिकामी बाटली आमच्याच शेतात येऊन पडते. तुम्ही म्हणता त्या बाटलीवर दहा रुपये लावा. म्हणजे दारू राहू द्या, फक्त कचरा नको, असंच ना? कायद्यानं बायकांच्या हातात उभ्या-आडव्या बाटलीचं मतदान दिलंय. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद होतं. ज्या रोगाला हे औषध आहे, त्याच्यावर तुम्ही मलमपट्टी सांगताय. उद्या हे दुकानदार छातीवर फलक लावतील, ‘आम्ही पर्यावरणाची काळजी घेतो’ म्हणून. आणि ज्या दिवशी आम्ही मतदान मागायला जाऊ, त्या दिवशी हेच तुमचे दहा रुपये आमच्या आड येतील.

सरपंच : ताई, मतदानाच्या आड मी येणार नाही, आणि आडवी बाटली जिंकली तर पहिला पेढा मीच वाटेन. पण दुकान बंद झालं म्हणून बाटली बंद होते का, हे आपण दोघंही जाणतो. आपल्या गावच्या रानात पडलेली चपटी आपल्या गावातच विकलेली असते असं कुठं आहे? हायवेच्या फाट्यावर घेतली, गाडीत उघडली, गडाच्या वाटेवर टाकली. शनिवार-रविवार जे येतात ते तालुक्याच्या गावातून, शहरातून घेऊन येतात. आपल्या हद्दीतलं दुकान आपण आडवं केलं तरी दहा किलोमीटरवरच्या दुकानाला आपल्या बायकांचं मत लागू होत नाही. पूर्ण जिल्ह्याची बंदीही आपण पाहिली. वर्धा, गडचिरोली तर आहेतच, चंद्रपूरच्या बायकांनी वर्षानुवर्षं लढून २०१५ साली जिल्हा कोरडा करून घेतला आणि सहा वर्षांनी, अवैध दारू वाढली असं सांगून सरकारनं बंदी उठवली. ती उठवायला नको होती असं तुम्ही म्हणाल, मीही कदाचित म्हणेन. पण बंदी असताना जी चोरून आली तिची रिकामी बाटली कुणाकडे परत जाणार होती? चोरून प्यायलेल्या बाटलीला दुकान नसतं, ती फेकूनच द्यावी लागते. आडवी बाटली होईपर्यंत जी उभी आहे तिचं काय करायचं, एवढंच मी विचारतोय.

सरपंचांच्या या प्रश्नाला आपल्याच देशात उत्तर मिळाले आहे, तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यात. तिथे जंगलात फोडलेल्या दारूच्या बाटल्यांनी हत्तींचे आणि इतर प्राण्यांचे पाय फाटत होते, आणि हा विषय मद्रास उच्च न्यायालयापुढे गेला. राज्यात दारूची किरकोळ विक्री टास्मॅक हे सरकारी महामंडळच करते, त्यामुळे न्यायालयाने थेट त्यालाच उपाय काढायला लावला. मे २०२२ पासून जिल्ह्यातल्या दुकानांत प्रत्येक बाटलीमागे १० रुपये जास्त घेणे सुरू झाले. बाटलीवर खूण असते, आणि रिकामी बाटली परत केली की १० रुपये परत मिळतात. थोड्याच काळात बहुसंख्य बाटल्या परत येऊ लागल्या, आणि पुढे ही योजना कोइंबतूर, पेरांबलूर यांसारख्या जिल्ह्यांत नेली गेली. केरळनेही सप्टेंबर २०२५ मध्ये तिरुवनंतपुरम आणि कन्नूर इथल्या निवडक सरकारी दुकानांत बाटलीमागे २० रुपये अनामत घेण्याचा प्रयोग सुरू केला. यात जमेची खरी बाब आकड्यांहून मोठी आहे. निलगिरीत जाणारा पर्यटक आणि ताम्हिणी, माळशेज किंवा महाबळेश्वरला जाणारा पर्यटक यांच्या संस्कारांत फरक असण्याचे कारण नाही. उटीच्या वाटेवर माणसे एका उन्हाळ्यात सभ्य झाली नाहीत. एखाद्याने पूर्वीसारखीच बाटली फेकली, तर मागून येणाऱ्याला ती उचलण्याचे कारण मिळाले.

ताई : तिथं दुकान सरकारचं आहे, म्हणून चाललं. आपल्याकडं प्रत्येक दुकान कुणाच्या तरी मालकीचं. देशीचं वेगळं, वाईन शॉप वेगळं, परमिट रूम वेगळी. रिकामी बाटली घेऊन गेलेल्या माणसाला हे हाकलून देतील. ‘आमच्याकडची नाही’, ‘जागा नाही’, ‘मालक नाहीत’, ही उत्तरं मला आत्ताच ऐकू येतायत. आणि प्यायलेला माणूस दहा रुपयांसाठी बाटली खिशात घालून परत दुकानापर्यंत चालत जाईल? ज्याला घराचा रस्ता सापडत नाही तो बाटली परत करेल म्हणता?

सरपंच : त्यानं परत करावी अशी माझी अपेक्षाच नाही, ताई. अनामत त्याच्याकडून घ्यायची, पण द्यायची बाटली आणणाऱ्याला. तो फेकून गेला तर त्यानं दहा रुपये फेकले. सकाळी गुरं घेऊन जाणाऱ्यानं, गडावर झाडू मारणाऱ्यानं, भंगार वेचणाऱ्या बाईनं ते उचलावे. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होती. बत्तीस चपट्या म्हणजे एका दिवसाच्या मजुरीहून जास्त. पावसाळ्यात गडाच्या वाटेवर रविवारी संध्याकाळी तेवढ्या नक्की पडलेल्या असतात. राहिला दुकानदार. त्याचा परवाना दरवर्षी नूतनीकरणाला येतो. बाटली परत घेणं हीच परवान्याची अट झाली, तर ‘जागा नाही’ हे उत्तर त्याला वर्षातून एकदाच देता येईल.

दुकाने खाजगी असतानाही अनामत चालते, याचा पुरावा अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांत आहे. तिथे ५० मिलीच्या इवल्याशा बाटल्यांनी रस्त्यांच्या कडा भरून गेल्या होत्या. गल्ल्याशेजारी मांडलेली, एका घोटात संपणारी, गाडीच्या खिडकीतून सहज बाहेर जाणारी ही बाटली आपल्या नाइंटीची सख्खी बहीणच आहे. त्या कोपऱ्यातल्या तीन राज्यांत तीन वेगळ्या वाटा निवडल्या गेल्या, त्यामुळे तुलना आपोआप समोर आली. मॅसॅच्युसेट्समधल्या चेल्सी शहराने २०१८ मध्ये १०० मिलीपर्यंतच्या बाटल्यांच्या विक्रीवरच बंदी आणली. दुकानदार राज्याच्या मद्य नियंत्रण आयोगाकडे गेले आणि आयोगाने शहराची बाजू उचलून धरली. कनेक्टिकटने ऑक्टोबर २०२१ पासून ५० मिलीपर्यंतच्या प्रत्येक बाटलीवर ५ सेंटचा अधिभार लावला. तो ग्राहकाला परत मिळत नाही. जिथे बाटली विकली त्या गावाच्या नगरपालिकेला तो सफाईसाठी मिळतो आणि राज्यभरात वर्षाला ४० लाख डॉलरहून जास्त रक्कम जमते. मेनने जानेवारी २०१९ पासून या बाटलीवर परत मिळणारी ५ सेंटची अनामत लावली. २०१७ मध्ये तो कायदा झाला तेव्हा गव्हर्नरने नकाराधिकार वापरला होता आणि विधिमंडळाने तो मोडून काढला. मेनमध्ये दारू खाजगी दुकानदार विकतात. रिकाम्या बाटल्या घेणारी केंद्रे वेगळी आहेत आणि हाताळणीचे पैसे त्यांना बाटलीमागे वेगळे मिळतात. दुकानदाराच्या दारात ढीग लागत नाही आणि बाटली आणणाऱ्याला कोणी हाकलत नाही.

या तिन्हींत मला मेनची वाट आपल्यासाठी योग्य वाटते. कनेक्टिकटची योजना गावाला पैसा देते हे चांगलेच. पण त्यात रस्त्यावर पडलेल्या बाटलीला काहीच किंमत येत नाही. आधी कचरा होऊ द्यायचा आणि मग तो उचलायला माणूस नेमायचा, असे ते आहे. आपल्या ग्रामपंचायतींचा अनुभव असा की सफाईच्या नावाने आलेला पैसा सफाईपर्यंत पोचेलच याची खात्री नसते. अनामतीचा पैसा थेट बाटली उचलणाऱ्या हातात जातो, मध्ये ठराव, निविदा, बिल काही नाही. चेल्सीची बंदी मात्र अशी एका वाक्यात निकालात काढता येत नाही, कारण ताईंचे मन तिथेच अडणार आणि त्यामागे विचार आहे.

ताई : मग त्या शहरानं केलं तसं करा. नाइंटी बंद करा. पोराच्या खिशात मावते ती नाइंटी. रोजगारावरून येताना, बायकोला कळू न देता, आडोशाला उभं राहून एका दमात रिकामी करता येते ती नाइंटी. मोठी बाटली घ्यायला पैसे लागतात, बसायला जागा लागते, सोबत लागते. छोटी आहे म्हणून पिणं सोपं झालंय आणि टाकणंही.

यावर माझे मत असे आहे की ताई बाटलीच्या स्वभावाबद्दल अगदी बरोबर बोलतात. लपवता येणे आणि लगेच संपणे हेच छोट्या बाटलीच्या कचऱ्याचे मूळ आहे. ती घरी नेता येत नाही, कारण मुळात ती घरापासून लपवायलाच घेतलेली असते. चेल्सीनेही कचऱ्याच्या बरोबरीने भर चौकातल्या दारूड्यांचा त्रास कमी व्हावा म्हणूनच बंदी आणली होती. पण आपल्याकडे ९० मिली बंद केली तर तिची जागा १८० मिलीची चपटी घेणार, आणि तीही खिशात मावतेच. जो माणूस आज नाइंटीवर थांबतो तो उद्या दुप्पट प्यायला लागण्याचा धोका खरा आहे, आणि त्याचा मार त्याच बाईला बसेल जिच्यासाठी ताई बोलत आहेत. चपटीही बंद करायची म्हटले, तर देशीचा बहुतेक व्यापारच बंद होतो. म्हणजे ती पूर्ण बंदी झाली आणि तिचा प्रश्न वर आला आहे. आकारावरची बंदी कुठे करायचीच असेल तर गडकिल्ल्यांच्या आणि अभयारण्यांच्या भोवतालच्या दुकानांत करून पाहावी. अनामतीला ती पर्याय होत नाही.

ताई : बरं, पैशाचं सांगता तर मग हेही सांगा. दहा रुपये दिसले की पहिलं कोण धावेल? पोरं. शाळा सुटली की दारूच्या बाटल्या गोळा करत फिरतील, फुटकी काच हाताला लागेल आणि गोळा केलेलं घेऊन दुकानाच्या खिडकीवर उभी राहतील. ज्या खिडकीपासून आम्ही त्यांना लांब ठेवतो, तिथंच तुम्ही त्यांना पोचवणार. आणि संकलन कुणी करायचं? बचत गटानं, असं तुमच्या मनात आहे, मला माहीत आहे. ज्या बाटलीनं नवरा खाल्ला ती बाटली आम्ही धुऊन, मोजून, पोत्यात भरायची? तिचा वास घरात आला की काय वाटतं ते तुम्हाला नाही कळणार.

सरपंच : शेवटचं तुम्ही बोललात त्याला माझ्याकडं उत्तर नाही, आणि ज्या बाईला नको वाटेल तिला कुणी सक्ती करू नये. पण हेही बघा, आज त्या बाटल्या कोण उचलतं? स्वच्छता अभियानाच्या दिवशी शाळेतली पोरंच गडावर नेतो आपण, हातमोजेसुद्धा देत नाही, आणि फोटो काढून परत येतो. तीच बाटली वर्षभर भंगारवाली बाई पायानं बाजूला सारते, कारण किलोभर प्लास्टिक व्हायला किती चपट्या लागतात आणि त्याचे मिळतात किती. म्हणून दोन गोष्टी पक्क्या करू. अठराच्या आतल्या मुलाच्या हातात अनामतीचे पैसे द्यायचे नाहीत, आणि बाटली दुकानाच्या खिडकीवर घ्यायचीच नाही. ग्रामपंचायतीच्या कचरा शेडमध्ये ठरलेल्या दिवशी घ्यायची, दुकानदाराची गाडी तिथून उचलेल. बाटलीमागं हाताळणीचे पैसे वेगळे, दहा रुपयांतून कापायचे नाहीत. ते काम बचत गटानं घेतलं तर गटाचं, नाही तर कचरावेचकांच्या संघटनेचं.

मुलांबाबत ताईंची शंका पूर्ण मिटते असे मी म्हणणार नाही. मोठ्या माणसाच्या नावावर मूल बाटल्या गोळा करू शकते आणि त्यावर लक्ष ठेवावेच लागेल. पण कामाच्या प्रतिष्ठेचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली तेव्हा कचरावेचक बायकांनी ओळखपत्र मागितले आणि आपण करतो ते काम आहे ही मान्यता मागितली. त्यांचा अनुभव स्पष्ट सांगतो की कचरा उचलण्यात अपमान असेल तर तो फुकट आणि कोणी न विचारता उचलायला लागण्यात आहे. बाटलीला ठरलेली किंमत, मोजणीचे ठरलेले ठिकाण, हातमोजे आणि हाताळणीचा वेगळा मोबदला मिळाला, तर तेच काम रोजगार होते. तेही गावात राहून करता येण्याजोगे.

आता दुकानदार आणि कंपन्या यांच्याकडे वळू, कारण प्रत्यक्षात योजना अडवण्याची ताकद त्यांच्याकडे आहे. पहिला आक्षेप किमतीचा. राज्याने जून २०२५ मध्ये दारूवरचा कर वाढवला तेव्हा देशीच्या १८० मिलीची किमान किंमत ८० रुपये आणि भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याची २०५ रुपये ठरली. अनामतीने देशीची चपटी ९० रुपयांना पडेल हे खरे. पण करवाढीतला रुपया परत येत नाही, अनामतीचा येतो. कर सोसणाऱ्या ग्राहकाला परत मिळणारे १० रुपये जड होतात म्हणणे पटण्यासारखे नाही. दुसरा आक्षेप बनवाबनवीचा : शेजारच्या जिल्ह्यातल्या, अनामत न भरलेल्या बाटल्या इथे आणून लोक पैसे उकळतील. यासाठीच निलगिरीत बाटलीवर खूण केली गेली. इथेही ती लागेल, आणि योजना एकेका गावात न करता किमान अख्ख्या जिल्ह्यात करावी लागेल. तिसरा आक्षेप कामाच्या बोज्याचा, आणि तो खरा आहे. टास्मॅकच्या कर्मचाऱ्यांनीही माणसे आणि जागा अपुरी असल्याची तक्रार करून आंदोलने केली. त्यातून आपण शिकायचे ते एवढेच की काउंटरवरच्या पोऱ्याच्या माथी हे काम मारू नये, संकलन वेगळे ठेवावे आणि त्याचा खर्च दारू भरणाऱ्या कंपनीकडून घ्यावा.

कंपनी म्हणेल, आम्ही प्लास्टिकची जबाबदारी आधीच उचलतो. प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत २०२२ च्या दुरुस्तीने उत्पादकाची विस्तारित जबाबदारी पक्की झाली आहे, आणि जेवढे वेष्टन बाजारात आणले त्याच्या प्रमाणात गोळा केल्याचा हिशेब कंपनीला द्यावा लागतो. पण हा हिशेब वजनाचा आहे. टनाच्या हिशेबात कुठल्याही शहरातले, कुठलेही त्या प्रकारचे प्लास्टिक चालते. शेताच्या बांधावरची काही ग्रॅमची चपटी त्यात कोणाला शोधावीशी वाटत नाही. काचेच्या चपटीला तर तो नियम लागूच नाही. म्हणून छोट्या बाटलीला वजनाचा नियम पुरत नाही, नगाचा नियम लागतो. महाराष्ट्राने २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत पेट बाटल्यांवर परतखरेदीची किंमत छापण्याची अट घातली होती, आणि ती बहुतांशी कागदावरच राहिली. विरोधक हा दाखला देतील. माझ्या मते त्या अपयशाची कारणे उघड आहेत : रक्कम रुपया-दोन रुपयांची होती, ती विक्रीच्या वेळी वेगळी घेतली जात नव्हती आणि बाटली नेमकी कोणाकडे द्यायची हे ग्राहकाला माहीत नव्हते. दारूच्या बाबतीत मात्र प्रत्येक दुकान परवान्यावर चालते, प्रत्येक पेटीचा हिशेब राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे असतो. पाण्याच्या बाटलीपेक्षा दारूच्या बाटलीवर अनामत लावणे सोपे आहे.

आणखी एक शंका राहते. चपटीबरोबर प्लास्टिकचे ग्लास, पाण्याचे पाऊच आणि चखण्याची पाकिटे येतात, त्यांचे काय? अनामतीने ती जाणार नाहीत. पण पायात घुसणारी वस्तू बाटलीच आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासून करावी.

सरपंच : ताई, एक गोष्ट तुमच्या बाजूची सांगतो. आज आपल्या शिवारात किती दारू प्यायली जाते, हे आपण दोघंही अंदाजानं बोलतो. दुकानदार म्हणतो थोडी, तुम्ही म्हणता फार. बाटल्या आपल्या शेडमध्ये मोजून आल्या तर रजिस्टर आपल्या हातात राहील. कुठल्या महिन्यात किती, कुठल्या दुकानाच्या खुणेच्या किती, पगाराच्या आठवड्यात किती, यात्रेला किती. आडव्या बाटलीच्या मतदानासाठी सह्या गोळा करायला निघाल तेव्हा तुमच्याकडं तक्रार तर असेलच, शिवाय आकडा असेल.

ताई : आकडा आमच्याकडं राहणार असेल तर मी ऐकते. पण तो दुकानदाराच्या वहीत गेला तर नाही. आणि माणसांनी न आणलेल्या बाटल्यांचे दहा रुपये तुमच्या पंचायतीच्या रस्त्यात घालायचे नाहीत. व्यसन सोडवायच्या उपचाराला आणि काच लागलेल्या मजुराच्या औषधाला ते द्यायचे. एवढं लिहून दिलंत तर मी अडवणार नाही. आडव्या बाटलीचं मी सोडलेलं नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

ताईंनी घातलेल्या दोन्ही अटी योजनेत हव्यातच, त्यांच्याशिवाय ती अपुरी राहील. कनेक्टिकटने निदान एवढे मान्य केले की बाटलीचा पैसा ज्या गावाला त्रास होतो त्या गावाकडे जावा. परत न आलेल्या अनामतीचा पैसा दुकानदाराकडे किंवा राज्याच्या तिजोरीत राहिला, तर बाटल्या परत न येण्यातच त्यांचा फायदा होईल. तो गावाकडे आला तर दुकानदाराला बाटली लपवून काही मिळणार नाही. आणि विक्रीचा आकडा बायकांच्या हाती येणे हे या योजनेचे सर्वांत मोठे फळ ठरेल असे मला वाटते, कारण आजवर दारूचा हिशेब महसुलाच्या रकान्यातच मोजला गेला आहे.

महाराष्ट्रात एका जिल्ह्यापासून सुरुवात होऊ शकते, आणि गडकिल्ले, घाट आणि भातशेती एकत्र असलेले सातारा, रायगड किंवा पुणे हे जिल्हे त्यासाठी योग्य आहेत. दुकानांचे परवाने जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे मागणी तिथूनच सुरू करायची. वाचकांनी आपापल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत असा ठराव मांडावा : १८० मिली आणि त्याखालच्या प्रत्येक बाटलीवर १० रुपये अनामत, आणणाऱ्याला पूर्ण परतावा, संकलन दुकानाबाहेर, न परतलेली रक्कम गावाला आणि रजिस्टर महिला ग्रामसभेकडे. ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि एक राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षकांना पाठवा, आणि शेजारच्या गावांनाही तोच ठराव करायला सांगा.